अंगणातील सुबाभूळ : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

पाठाचे प्रयोजन

खेड्यातील पुष्कळ घरांच्या परसात, गोठ्यामागे किंवा कुंपणाच्या कडेला असे एखादे झाड असते की ते कोणी लावले हे घरातील कोणासही नक्की सांगता येत नाही. ते आपोआप उगवलेले असते, झपाट्याने वाढलेले असते, त्याची सावली सुखकर असते आणि म्हणून कोणी त्यास हात लावलेला नसतो. महाराष्ट्राच्या पठारी भागात असे झाड बहुधा सुबाभूळ असते. पिसासारखी नाजूक पाने, चेंडूप्रमाणे गोल पांढरी फुले आणि बाराही महिने टिकणारी हिरवाई यांमुळे ती डोळ्यांस आवडते. शेळी तिचा पाला चवीने खाते. अशा झाडाविषयी काही प्रतिकूल बोलावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

तथापि हेच झाड जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परकीय आक्रमक जीवजातींच्या यादीत आहे. ही यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने २००० साली प्रसिद्ध केली. एकाच झाडाच्या अंगी इतके गुण आणि इतका दोष कसा असू शकतो, हा प्रश्न मुलांपुढे ठेवणे हे या पाठाचे प्रयोजन होय. झाडाची माहिती पाठ करून घेणे हा हेतू नाही. पाहणे, मोजणे आणि दोन्ही बाजू तोलून मत बनवणे ही सवय लागावी, एवढ्यासाठी हा पाठ घ्यावयाचा आहे. चौथी व पाचवीच्या वर्गांस तो तीन तासांत घेता येईल.

शिक्षकाची पूर्वतयारी : झाडाची ओळख

सुबाभळीचे शास्त्रीय नाव ल्युसिना ल्युकोसेफाला असे आहे. नावाच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘पांढऱ्या डोक्याची’ असा असून तो तिच्या फुलोऱ्यावरून पडला आहे. ज्यास आपण एक फूल समजतो तो वस्तुतः कितीतरी बारीक फुलांचा गुच्छ असतो. हा गुच्छ भिंगाखाली धरला असता एकेक फूल वेगळे दिसते. शाळेत भिंग नसल्यास साध्या डोळ्यांनीही फुलांचे बाहेर आलेले केसर पाहता येतात.

नाव सारखे असल्यामुळे मुले बाभूळ आणि सुबाभूळ यांत गल्लत करतात. यास्तव दोन्हींच्या डहाळ्या वर्गात आणून फळ्यावर पुढीलप्रमाणे भेद मांडावेत. बाभळीस लांब पांढरे काटे असतात, सुबाभळीस काटे नसतात. बाभळीची फुले पिवळी, सुबाभळीची पांढरी. बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी ठिकठिकाणी आवळलेली, सुबाभळीची शेंग चपटी व सरळ, वीतभर लांब, पिकल्यावर तपकिरी होणारी. बाभूळ आपल्या भूमीतील जुनी रहिवासी आहे, सुबाभूळ मात्र दूरदेशाहून आलेली आहे.

तिचे मूळ स्थान मेक्सिकोचा दक्षिण भाग व त्यास लागून असलेला मध्य अमेरिकेचा प्रदेश हे होय. तेथे तिच्या वर्गातील झाडांस ‘ग्वाहे’ म्हणतात आणि त्यांच्या कोवळ्या शेंगांतील बिया लोक खातात. मेक्सिकोतील ‘ओआहाका’ या प्रांताचे नाव याच झाडाच्या तेथील प्राचीन नावावरून पडलेले आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश दर्यावर्द्यांनी प्रशांत महासागर ओलांडून ती फिलिपाइन्स बेटांत नेली. तेथून ती आशियाच्या उष्ण प्रदेशांत पसरली. फिलिपाइन्समध्ये ती ‘इपिल-इपिल’ झाली, इंडोनेशियात ‘लामतोरो’ झाली. हवाई बेटांतील लोकांनी आपल्या ‘कोआ’ या झाडावरून तिला ‘परदेशी कोआ’ असे नाव दिले. आपण बाभळीवरून ‘सुबाभूळ’ म्हणालो, त्यातलाच हा प्रकार. नवख्या झाडास ओळखीच्या झाडाचे नाव देण्याची ही रीत मुलांना रंजक वाटेल. पृथ्वीचा गोल किंवा नकाशा असल्यास हा प्रवास बोटाने दाखवावा.

ती इतकी लोकप्रिय का झाली

महाराष्ट्रात सुबाभळीचा प्रसार प्रामुख्याने १९७० ते १९९० या काळात झाला. हवाई विद्यापीठात निवडलेल्या उंच वाढणाऱ्या जाती त्या सुमारास भारतात आल्या. पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने त्यांचा हिरिरीने पुरस्कार केला. पुढे सामाजिक वनीकरणाच्या कार्यक्रमांतूनही तिची रोपे मोठ्या प्रमाणावर वाटली गेली.

त्या काळची निकड शिक्षकाने मुलांस समजावून सांगावी. माळराने उघडी पडली होती. सरपणासाठी बायकांना मैलोगणती पायपीट करावी लागे. १९७२ च्या दुष्काळात चाऱ्यावाचून गुरांचे झालेले हाल लोकांच्या स्मरणात ताजे होते. अशा वेळी एका वर्षात माणसाच्या डोक्यावर जाणारे, तोडले तरी पुन्हा फुटणारे, सरपण आणि चारा दोन्ही पुरवणारे झाड मिळाले तर ते कोणास नको होते? शिवाय तिच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीवाणू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात. तिच्या वाळलेल्या पाल्यात शेकडा वीस ते पंचवीस इतके प्रथिन असते. आंध्र प्रदेशात तिचे लाकूड कागदाच्या लगद्यासाठी उपयोगी पडले आणि शेतकऱ्यांनी ती पीक म्हणून लावली. हे सारे गुण खरे आहेत. ज्यांनी ती लावली त्यांनी गावाच्या भल्यासाठीच लावली, हे मुलांच्या मनावर ठसवणे अगत्याचे आहे.

दोष कोठे आहे

दोष तिच्या बियांत आहे. सुबाभूळ अवघ्या पहिल्या वर्षातच फुलू लागते आणि पुढे वर्षातून अनेक वेळा फुलते. एकटे झाड असले तरी त्यास शेंगा धरतात, दुसऱ्या झाडाच्या परागाची त्यास गरज नसते. एका शेंगेत सुमारे वीस बिया असतात. शेंगा वाळून उकलल्या की बिया झाडाखाली पडतात. पावसाचे पाणी त्यांस ओढ्याकडे नेते, शेंगा खाल्लेल्या जनावरांच्या शेणातून काही बिया दूर जातात, आणि अंगणातील माती दुसरीकडे टाकली की मातीबरोबर बियाही जातात.

बीचे कवच कठीण असते. त्यामुळे सगळ्या बिया एकदम रुजत नाहीत. काही पहिल्याच पावसात उगवतात, उरलेल्या मातीत दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात. म्हणून एखाद्याने झाड तोडले, की सावली हटते, जमिनीवर ऊन पडते आणि मातीत दडलेल्या बियांतून रोपांचे दाट लव्हाळे उभे राहते. एक झाड गेले आणि शंभर आली, असा अनुभव घरोघरी येतो, त्याचे कारण हेच. बुंधा राहिला तर त्यासही पुन्हा धुमारे फुटतात.

घराचे अंगण झाडले जाते, तेथे रोपे टिकत नाहीत. परंतु अंगणापलीकडे ओढ्याचा काठ असतो, पडीक शेत असते, गायरान असते, रस्त्याची कड असते. तेथे कोणी झाडत नाही. काही वर्षांत तेथे सुबाभळीखेरीज दुसरे काही उरत नाही. दाट गर्दीखाली गवत वाढत नाही, बोर, खैर, पळस यांची नवी रोपे डोके वर काढू शकत नाहीत. जेथे पूर्वी अनेक प्रकारची झाडेझुडपे होती तेथे एकाच झाडाचे राज्य होते. आणि एकाच झाडावर विसंबण्यात धोका असतो. याचे उदाहरण इतिहासात घडलेले आहे. सुबाभळीचा रस शोषणारा एक बारीक किडा अमेरिकेतून निघून १९८४ साली हवाई बेटांत आढळला आणि पुढील काही वर्षांतच आशियात पसरला. फिलिपाइन्स व इंडोनेशियात ज्यांनी गुरांचा सारा चारा याच झाडावर सोपवला होता, त्यांच्यावर मोठे संकट आले.

चाऱ्याविषयीही एक गोष्ट शिक्षकाने लक्षात ठेवावी. तिच्या पाल्यात व बियांत मिमोसिन नावाचे द्रव्य असते. घोडा, गाढव, डुक्कर, ससा यांस ते बाधते. घोड्याच्या आयाळीचे व शेपटीचे केस गळतात. गाय, म्हैस, शेळी यांच्या पोटात काही ठिकाणी हे द्रव्य मोडून टाकणारे जीवाणू असतात, काही ठिकाणी नसतात. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाल्लेल्या गुरांना त्रास होई. तेथील शास्त्रज्ञांनी हवाईतील शेळ्यांच्या पोटातील जीवाणू १९८३ साली आपल्या गुरांत सोडले, तेव्हा तो त्रास नाहीसा झाला. तात्पर्य, पाला द्यावा पण इतर चाऱ्यात मिसळून. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक देऊ नये.

पहिला तास : पाहणे

मुलांस शाळेजवळच्या एखाद्या सुबाभळीपाशी न्यावे. आरंभी शिक्षकाने काहीही सांगू नये. पाच मिनिटे मुलांनी नुसते पाहावे आणि काय दिसले ते पाटीवर किंवा वहीत लिहावे. त्यानंतर पुढील प्रश्न विचारावेत.

झाडावर एकाच वेळी कळ्या, फुले, हिरव्या शेंगा आणि वाळलेल्या शेंगा दिसतात का? आंब्यावर असे दिसते का? झाडाच्या बुंध्याभोवती जमिनीवर काय आहे? तेथे गवत किती प्रकारचे आहे? झाडापासून दहा पावले दूर गेल्यावर किती प्रकारचे आहे?

शेवटच्या दोन प्रश्नांचे उत्तर मुलांनी स्वतः मोजून द्यावे. गवताची नावे त्यांस ठाऊक नसली तरी चालेल. वेगवेगळ्या पानांचे नमुने कागदावर मांडले म्हणजे पुरे. काही झाडांखाली फरक मोठा दिसेल, काहींखाली दिसणार नाही. जे दिसेल तेच लिहावे, हे शिक्षकाने आवर्जून सांगावे. पुस्तकातील उत्तराशी जुळावे म्हणून मुलांनी निरीक्षण वाकवले, तर पाठाचा मुख्य हेतूच वाया गेला असे समजावे.

दुसरा तास : मोजणे

हा तास गणिताशी जोडावा. प्रत्येक गटास पाच वाळलेल्या शेंगा द्याव्यात. बिया मोजून सरासरी काढावी. मग एका फांदीवरील शेंगा मोजाव्यात आणि झाडाच्या फांद्यांचा अंदाज घ्यावा. उदाहरणार्थ, शेंगेत सरासरी २० बिया, फांदीवर २० शेंगा आणि झाडास अशा ५० फांद्या धरल्या, तर २० गुणिले २० गुणिले ५० म्हणजे २०,००० बिया होतात. यांतील शंभरांतून एकच रुजली असे धरले, तरी २०० रोपे झाली. ही संख्या उदाहरणादाखल आहे. प्रत्येक शाळेने आपल्या झाडाची संख्या आपण काढावी. शून्ये वाढत जातात तशी मुलांची नजर शेंगेकडून ओढ्याकडे वळते, हा अनुभव शिक्षकास येईल.

याच तासात बी रुजवण्याचा प्रयोग सुरू करावा. दोन कुंड्या किंवा फुटके डबे घ्यावेत. एकात वीस बिया तशाच पेराव्यात. दुसऱ्या वीस बियांवर उकळून थोडे निवलेले पाणी ओतावे, चारपाच मिनिटांनी ते काढून टाकावे, बिया रात्रभर गार पाण्यात भिजवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पेराव्यात. गरम पाणी शिक्षकाने स्वतः ओतावे, मुलांच्या हाती देऊ नये. दोन आठवडे रोज नोंद ठेवावी. गरम पाण्याने कवच सैल झालेल्या बिया अधिक संख्येने व लवकर उगवतील. न उगवलेल्या बिया मेलेल्या नाहीत, त्या वाट पाहत आहेत, ही कल्पना मुलांस या प्रयोगाने जशी कळते तशी व्याख्यानाने कळत नाही. प्रयोग संपल्यावर रोपे उपटून टाकावीत आणि उरलेल्या बिया व डब्यांतील माती बाहेर न फेकता भाजून नष्ट करावी. ही शेवटची कृती मुलांदेखत करावी, कारण तीही पाठाचाच भाग आहे.

तिसरा तास : विचार करणे

या तासास एक गैरसमज दूर करावा लागतो. ‘परदेशी झाड म्हणजे वाईट झाड’ असे सूत्र मुले चटकन बनवतात. त्यांस विचारावे : मिरची कोठून आली? ती सुबाभळीच्याच मुलखातून, मेक्सिकोतून आली. दसऱ्याच्या तोरणातील झेंडूही तिकडचाच. पेरू, सीताफळ, बटाटा हेही अमेरिका खंडातून आले. गुलमोहोर मादागास्कर बेटावरून आला. यांपैकी कोणी आपल्या ओढ्याकाठचे रान गिळले आहे काय? गुलमोहोर अंगणात लावला तर तो अंगणातच राहतो.

मग फळ्यावर तीन रकाने आखावेत : ‘येथलीच’, ‘बाहेरून आली, पण घातल्या जागी राहते’, आणि ‘बाहेरून आली व घातल्या जागी राहत नाही’. मुलांनी गावातील झाडे व झुडपे या रकान्यांत बसवावीत. तिसऱ्या रकान्यात सुबाभळीबरोबर घाणेरी आणि वेडी बाभूळ येतील. झाडांबरोबर लहान वनस्पतीही घेतल्यास गाजरगवत व तळ्यातील जलपर्णी येईल. जलपर्णीची जांभळी फुले देखणी असतात आणि घाणेरीही शोभेसाठीच आणली गेली होती, हे येथे सांगावे. देखणेपणावरून रकाना ठरत नाही, ही गोष्ट मुलांच्या लक्षात आपोआप येईल. कोकणातील आम्लधर्मी जमीन सुबाभळीस फारशी मानवत नाही. तेथील शिक्षकांनी हाच पाठ ऑस्ट्रेलियन बाभळीवर घ्यावा.

घर आणि शाळा

या पाठात एक नाजूक स्थळ आहे. वर्गातील एखादा मुलगा उठून म्हणेल, ‘आमच्या दारात सुबाभूळ आहे, ती तोडायची का?’ त्याच्या घरी दोन शेळ्या असतील आणि उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत त्या याच पाल्यावर जगत असतील. कदाचित ते झाड त्याच्या आजोबांनी लावलेले असेल. अशा वेळी ‘तोडा’ एवढे एकच उत्तर देणारा शिक्षक बरोबर माहिती देऊनही चुकीचा धडा शिकवतो. मुलगा घरी जाऊन आजोबांस अपराधी ठरवील, किंवा घरचे ऐकून गुरुजींस खोटे ठरवील; दोहोंतून कोणाचेच हित नाही. शेळीचा चारा हिरावून रान वाचत नाही, कारण भुकेल्या शेळ्या त्याच रानात शिरतात.

म्हणून उत्तर असे द्यावे : झाड ठेवावे, शेंग ठेवू नये. पाल्यासाठी सुबाभूळ कमरेच्या वर छाटून वरचेवर कापत राहिले तर ती फुलावर येत नाही, शेळीस कोवळा पाला अधिक मिळतो आणि बीही धरत नाही. शोभा म्हणून उंच वाढू दिलेले आणि शेंगांनी लगडलेले झाड हेच खरे उपद्रवी. ज्याची दररोज कापणी होते ते झाड घराच्या ताब्यात असते. ज्याकडे कोणी पाहत नाही ते गावाच्या ताब्यात राहत नाही.

ज्यांस झाड काढावयाचेच आहे त्यांच्यासाठी क्रम असा. शेंगा हिरव्या असतानाच झाड तोडावे. बुंध्याचे धुमारे दर पंधरवड्यास खुडावेत, म्हणजे मुळांतील साठा संपत जातो. पहिल्या पावसानंतर जमीन मऊ असताना बोटभर रोपे मुळासकट उपटावीत; सुबाभळीचे सोटमूळ खोल जाते, पुढील वर्षी तेच रोप हाताने निघत नाही. हे काम काही पावसाळे चिकाटीने करावे लागते. आणि जागा मोकळी ठेवू नये. सुबाभळीच्या रोपास दाट सावली सोसत नाही, तेव्हा तेथे कडुनिंब किंवा करंज लावावा. चाऱ्याची गरज असल्यास शेवगा, पांगारा, किंवा पिढ्यान्‌पिढ्या परसात लावला जाणारा हादगा लावावा. हादग्याची फुलेही सुंदर असतात आणि त्यांची भाजी घरात होते.

शाळेकडून होण्याजोगे काम

शाळेच्या आवारात सुबाभूळ असल्यास आरंभ तेथूनच करावा. मुलांच्या हातून दुसऱ्याच्या दारातील झाडाविषयी बोलवून घेण्यापूर्वी शाळेने आपल्या कुंपणाकडे पाहिले पाहिजे. जुलै महिन्यात एक श्रमदानाचा तास ठेवून आवारातील व शेजारच्या ओढ्याकाठची रोपे उपटावीत, उपटलेली रोपे मोजावीत आणि ती संख्या भिंतीवरील तक्त्यावर साल घालून लिहावी. पुढील वर्षी, त्याच्या पुढील वर्षी तसेच करावे. संख्या उतरत गेली तर पाठ सफल झाला असे समजावे. चढत गेली तर शेंगा कोठून येत आहेत ते मुलांनीच शोधून काढावे.

स्वाध्याय

१. आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर सुबाभळीची किती झाडे आहेत? त्यांपैकी किती छाटलेली व किती शेंगांनी भरलेली आहेत?
२. घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहा : गावात सुबाभूळ येण्यापूर्वी सरपण व चारा कोठून आणीत? त्या जागी आता काय आहे?
३. बाभूळ व सुबाभूळ यांच्या शेंगांची चित्रे शेजारी शेजारी काढा.
४. तिसऱ्या रकान्यातील एखाद्या वनस्पतीचा एक गुण व एक दोष लिहा. दोन्ही खरे असले पाहिजेत.

शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरास शिक्षकाने अधिक गुण द्यावेत. उपकारी ठरलेली गोष्ट तपासून पाहण्याची आणि दोष आढळला तरी तिचे उपकार न विसरण्याची बुद्धी ज्या मुलास आली, त्यास पुढे कोणतेही नवे बियाणे, नवे रोप किंवा नवी योजना दारात आली तरी तिच्याकडे कसे पाहावे हे निराळे शिकवावे लागणार नाही.